'चिपकते'च्या पुढे: सहावी ते दहावीच्या मुलांना चुंबकत्व कसं उमगतं

प्रश्न असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. 'सजातीय ध्रुवांत प्रतिकर्षण' मुलं धडाधड म्हणून दाखवतात, बलरेषाही काढतात. पण आठवीतलं मूल तांब्याच्या गडव्याला चुंबक लावून बघतं आणि नाही लागलं की चुंबकच खराब म्हणतं. होकायंत्रावर तार धरली तर काटा हलत नाही. पेटीत चार पट्टीचुंबक आहेत, त्यातले दोन मेलेले. समज पुढे कशी न्यायची?

घोळ एका क्रियापदापासून सुरू होतो. आपल्याकडची मुलं चुंबकाबद्दल बोलताना 'चिपकते' म्हणतात. डिंक चिपकतो, कुसळं धोतराला चिपकतात, तसं चुंबक चिपकतं. या शब्दात दोन गोष्टी मावत नाहीत: अंतरावरून होणारी ओढ आणि ढकलणं. सहावीतल्या धड्याचा बहुतेक वेळ 'काय चिपकतं, काय नाही' याची यादी करण्यात जातो, आणि मुलानं घरून आणलेली कल्पना आपणच शाळेत पक्की करून देतो. आकर्षणाला दोन तासिका पुरेत. उरलेला वेळ प्रतिकर्षण आणि दिशा यांना द्या. चुंबकीय क्षेत्र ही कल्पना जिथे रुजते ती जागा दिशेची आहे, चिकटण्याची नाही.

बोर्जेस आणि गिल्बर्ट या अभ्यासकांनी १९९८ साली चुंबकत्वाबद्दलच्या लोकांच्या कल्पना पाच प्रकारांत मांडल्या: नुसती ओढ, चुंबकाभोवतीचा ढग, वीज, दोन टोकांना साठलेले धन-ऋण प्रभार, आणि शेवटी क्षेत्र. वर्गात ऐकू येणारी वाक्यं यात अगदी बसतात. 'ओढून घेते' म्हणणारं मूल पहिल्या पायरीवर आहे, 'त्याच्या बाजूनं पॉवर असते, तिथवर गेलं की ओढते' हे ढगवालं. 'उत्तर म्हणजे प्लस' म्हणणारं चौथ्यावर. मात्र या पायऱ्या जिन्यासारख्या ओळीनं चढल्या जात नाहीत. एकच मूल लोखंडाबद्दल एक कल्पना वापरतं आणि होकायंत्राबद्दल दुसरीच. म्हणून 'कळलं का?' विचारण्यात अर्थ नाही. करून बघण्याआधी काय होईल ते वहीत लिहायला लावा आणि मग करा. लिहिलेलं नसेल तर निकाल दिसल्यावर प्रत्येक जण 'मला माहीतच होतं' म्हणतो.

आता त्या दोन तासिका. पाट्या-खडूंची यादी नको, भांडण होईल अशा वस्तू मागवा. जर्मनचा गंज, तांब्याचा गडवा, पितळेचा गुंड, टिनाची बादली, स्टीलचं ताट, वखराची पास, तुतारीची (बैल हाकायच्या काठीची) आर, एक आणि दोन रुपयांची स्टीलची नाणी, सोनेरी पाच रुपयांचं नाणं. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, ते ओढलं जात नाही. टिनाची बादली ओढली जाते, कारण ती लोखंडी पत्र्याची आहे आणि वर फक्त जस्ताचा मुलामा आहे. स्टीलच्या ताटांत मात्र गंमत आहे: काही ओढली जातात, काही नाहीत. लोखंडात क्रोमियमसोबत पुरेसं निकेल किंवा मँगनीज घातलं की अणूंची मांडणी बदलते आणि ते पोलाद चुंबकाला दाद देत नाही. सोनेरी पाच रुपयांत थोडं निकेल आहे, तरी नाणं ओढलं जात नाही. 'लोह, निकेल, कोबाल्ट' एवढं पाठ करून भागत नाही हे इथे दिसतं. धातू कोणता, एवढाच प्रश्न नसतो. तो कशात, कसा मिसळला आहे यावरही ठरतं.

गंज या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत, त्याचाही उपयोग करून घ्या. 'गंजाला चुंबक लागतं का?' असा प्रश्न फळ्यावर लिहा. अर्धी मुलं भांड्याचं सांगतील, अर्धी लोखंडावरच्या तांबड्या थराचं. उत्तर दोन्हीकडे 'नाही' आहे. पण तांबडा थर खरडून कागदावर घेतला नाही, तर खालचं लोखंड ओढलं जाईल आणि निष्कर्ष उलटा निघेल.

गडचिरोलीच्या सूरजागडचं लोहखनिज मुख्यतः हेमेटाइट आहे. 'लोखंडाचा दगड' म्हणून मुलं मोठ्या आशेनं चुंबक लावतात आणि तो जेमतेम ओढला जातो. भंडारा जिल्ह्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्ग भागातलं मँगनीज खनिज काळं, जड, चकाकणारं असतं, पण तेही बहुधा हातातल्या चुंबकाकडे वळत नाही. याउलट काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या मुलखातल्या नाल्याची साधी रेती चुंबकानं चाळली तर बारीक काळे कण निघतात. त्यांत मॅग्नेटाइट हे चुंबकाकडे ओढलं जाणारं लोहखनिज असतं. हे कण फेकू नका. पॉलिथिनच्या पिशवीत चुंबक घालून रेतीतून फिरवायचा, मग पिशवी उलटी करून कण डब्यात सोडायचे. तीन-चार वेळा असं चाळलं की लोहकिसाऐवजी ते चालतात. वेल्डिंगच्या दुकानातली ग्राइंडरची भुकटी अधिक चांगली, फक्त तिच्यात घासचाकाचे कण असतात, तीही अशीच चाळून घ्या. उघडा चुंबक किसात बुडवला की तो साफ करण्यात तासिका जाते.

प्रतिकर्षणाकडे वळताना आधी साहित्याची शहानिशा करा. पेटीतल्या पट्टीचुंबकांवरचा लाल-निळा रंग किंवा 'उ-द' ही खूण चुकीची असू शकते. दोरीनं टांगून प्रत्येक चुंबक तपासा. मेलेल्या पट्ट्या फेकायच्या नाहीत. स्पीकरच्या कडीचुंबकाच्या एका सपाट बाजूनं तीस-चाळीस वेळा एकाच दिशेनं घासा, परतताना हात उंच उचलून आणा. घासणं जिथे संपतं त्या टोकाला घासणाऱ्या ध्रुवाच्या विरुद्ध ध्रुव तयार होतो. स्पीकर-दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेल्या स्पीकरचे कडीचुंबक मिळतात, पण एक सांगून ठेवा: कडीचे ध्रुव तिच्या दोन सपाट बाजूंवर असतात, कडेला नाहीत. मुलं पट्टीच्या सवयीनं कडेला ध्रुव शोधतात आणि गोंधळतात.

पेन्सिलीवर तीन कड्या एकमेकींना ढकलतील अशा ओवल्या तर वरच्या दोन अधांतरी तरंगतात. खालची फट मोजायला लावा आणि वरची मोजायला लावा. खालची लहान भरते, कारण तिच्यावर दोन कड्यांचं वजन आहे. यावर विचारा: मधली हवा काढून टाकली तर कड्या पडतील का? बरीच मुलं 'हो' म्हणतात, हवाच ढकलते अशी त्यांची समजूत असते. हवा काढायचं यंत्र आपल्याकडे नाही, पण तीच मांडणी बादलीभर पाण्यात बुडवता येते. कड्या तरंगतच राहतात आणि 'हवा' गळून पडते.

या टप्प्याची खरी कसोटी जुनी आहे आणि अजूनही उत्तम आहे. दिसायला सारख्या दोन पट्ट्या, एक चुंबक आणि एक लोखंड. दुसरं काहीही न वापरता चुंबक ओळखायचा. टोकाला टोक लावलं तर दोन्हीकडून ओढ, काहीच कळत नाही. एकीचं टोक दुसरीच्या बरोब्बर मध्यावर लावायचं. जोरात ओढ असेल तर हातातली पट्टी चुंबक. ओढ जवळजवळ नसेल तर मध्यावर धरलेली चुंबक, कारण चुंबकाच्या मध्याला जोर नसतो. तीन पट्ट्यांचा प्रश्न द्या, त्यात दोन चुंबक असू द्या. आता प्रतिकर्षण दिसतं. दोघांत ढकलाढकल झाली तर दोन्ही नक्की चुंबक, ओढ दिसली तर खात्री नाही, हे मुलं स्वतःहून म्हणू लागली की 'चिपकते' मागे पडलं असं समजा.

दिशेकडे जाण्यासाठी प्रत्येक दोघांत एक होकायंत्र हवं. शाळेच्या पेटीतलं एक पुरत नाही, म्हणून करून घ्या. दोन शिवणाच्या सुया, चार सेंमी लांब, दीड सेंमी रुंद जाड कागदाची पट्टी, पितळी टिचबटणाचा खोलगट भाग आणि बाभळीचा एक काटा. सुया नेढ्याकडून टोकाकडे तीस वेळा चुंबकाच्या दक्षिण ध्रुवानं घासल्या तर टोक उत्तर दाखवतं. कागदाच्या मध्याला बटण चिकटवायचं, त्याच्या दोन बाजूंना सुया समांतर खोवायच्या, आणि चिखलाच्या गोळ्यात उभ्या केलेल्या काट्यावर बटणाचा खळगा टेकवायचा. टेकू म्हणून टाचणी किंवा सुई घेतली तर ती स्वतःच ओढली जाते. काट्याला ती अडचण नाही.

हे तीन प्रकारे फसतं. एक सुई उलटी खोवली गेली तर दोघींचं चुंबकत्व एकमेकींना मारतं आणि पट्टी कुठेही थांबते. पट्टी एका बाजूला झुकली तर जड बाजूचा कागद थोडा कातरून तोल साधायचा. आणि सुई दोऱ्यानं टांगायचा सोपा मार्ग घेतला तर दोऱ्याचा पीळ सुटताना सुई फिरत राहते, मुलाला वाटतं चुंबक फिरवतोय. बटण पितळी आहे ना, हे आधी चुंबकानं तपासा.

आता वर्गाबाहेर पडा. टिनाचं छत, लोखंडी बाकं, खिडकीचे गज, गुरुजींच्या खिशातला मोबाइल, प्रत्येक जण काट्याला थोडं आपल्याकडे वळवतो. हापशी आणि गेटपासून पाच-सात पावलं दूर, कडुनिंबाखाली दहा होकायंत्रं ठेवली तर सगळी एकाच दिशेला थांबतात. वर्गात ठेवली की दहा दिशा. दोन्ही दाखवा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतलं चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला न्यावं लागलं, ते शहरात विजेवर चालणारी ट्राम येणार म्हणून; तुमच्या टिनाच्या छताची तक्रार त्याच जातीची आहे. जमल्यास व्हरांड्याच्या उभ्या लोखंडी खांबाच्या तळाशी आणि वरच्या टोकाशी होकायंत्र न्या. तळाशी बहुधा काट्याचं दक्षिण टोक ओढलं जातं, वरच्या टोकाशी उत्तर. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे आडवं नाही, ते उत्तरेकडे साधारण तीस अंश खाली झुकलेलं आहे, आणि वर्षानुवर्षं उभं राहिलेलं लोखंड त्या दिशेनं चुंबक बनतं.

नावांचा घोळही इथेच मिटवा. काट्याचं उत्तर टोक उत्तरेकडे ओढलं जातं, म्हणजे पृथ्वीच्या उत्तरेला चुंबकाचा दक्षिण ध्रुव असल्यासारखं झालं. यावर मुलं हमखास अडतात. पहिले काही आठवडे 'उत्तर ध्रुव' न म्हणता 'उत्तरशोधी टोक' म्हणा, भांडण होत नाही.

सातवीत बलरेषा येतात आणि बहुतेक नुकसान लोहकिसानं होतं. चित्र सुंदर दिसतं, पण कीस दिशा दाखवत नाही, आणि मुलाला वाटतं की रेषा खरोखर तिथे आहेत, मधल्या जागेत काही नाही. किसाचा प्रत्येक कण स्वतः चुंबक बनतो, शेजारच्याला धरतो, म्हणून रांगा दिसतात. म्हणून आधी होकायंत्र, मग कीस. पट्टीचुंबक कागदावर ठेवा, पेटीतलं छोटं, एखाद्या सेंमी काट्याचं होकायंत्र उत्तर टोकाजवळ ठेवा, काट्याच्या पुढच्या टोकाशी टिंब द्या, होकायंत्राचं मागचं टोक त्या टिंबावर आणा, पुन्हा टिंब. अशी रेष दक्षिण टोकाला जाऊन मिळते. पाच सेंमीचा मोठा काटा वापरला तर रेष चुकते, कारण तो एका जागेचं नाही, सगळ्या लांबीचं सरासरी सांगतो. दोन रेषांच्या मधल्या रिकाम्या जागी होकायंत्र ठेवून विचारा: इथे रेष नाही, तर काटा कुठे बघेल? तिथेही तो ठरलेल्याच दिशेला वळतो. ढगाची कल्पना क्षेत्रात बदलते ती या प्रश्नापाशी. कीस नंतर, पिशवीतल्या चुंबकावर पुठ्ठा ठेवून, मलमलीच्या फडक्यातून दोन चिमटी, आणि बोटानं हलकी टिचकी. तीन चिमट्या टाकल्या की गोळे होतात.

चुंबक तोडला तर? 'एक उत्तर, एक दक्षिण' हे उत्तर दहावीपर्यंत टिकून राहतं. हॅकसॉचं जुनं पातं घासून चुंबक करा, फडक्यात गुंडाळून मोठ्यानंच मोडा, तुकडे होकायंत्राजवळ न्या. प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव. कारण सांगायला पारदर्शक पेनची नळी घ्या, पाऊण लोहकिसानं भरा, दोन्ही टोकं मेणानं बंद करा. कडीचुंबकानं वीस वेळा घासली की नळी चुंबक होते, एक टोक काट्याच्या एका टोकाला ढकलतं. जोरात हलवली की दोन्ही टोकं फक्त ओढतात. आतले छोटे चुंबक एका रांगेत होते, ते विस्कटले. गावातल्या लोहाराच्या भट्टीवर हेच उष्णतेनं दिसतं: लोखंड ७७० अंश सेल्सिअसपुढे तापलं की चुंबकाला दाद देत नाही. हे लोहारानंच, सांडशीनं धरून दाखवायचं. मुलं पाच पावलं मागे.

'उत्तर म्हणजे प्लस' यावर उपाय एकच. केसांत घासलेला कंगवा आणि चुंबक, दोन्ही होकायंत्राजवळ न्या. कंगवा काट्याचं कोणतंही टोक ओढतो, चुंबक एकाला ओढतो, दुसऱ्याला ढकलतो. हा प्रयोग पावसाळ्यात फसतो; हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या आपल्या कोरड्या हवेत बिनतक्रार होतो.

आता तुमची न हलणारी तार. ती बहुधा पूर्व-पश्चिम धरली गेली असेल. तसं धरल्यावर तारेचं क्षेत्र उत्तर-दक्षिणच पडतं, काट्याला वळायला कारण उरत नाही. आधी काटा स्थिर होऊ द्या, मग तार काट्याला समांतर, त्याच्या एक सेंमी वर ताणा, आणि सेल जोडा. एक अँपिअर प्रवाहाचं क्षेत्र एक सेंमीवर २० मायक्रोटेस्ला (हे क्षेत्र मोजायचं एकक) येतं, पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग आपल्याकडे ३५ ते ४०. काटा २५ ते ३० अंश वळायला हवा. टॉर्चचा १.५ व्होल्टचा मोठा नवा सेल थेट तारेला जोडला तर यापेक्षा जास्त प्रवाह येतो, म्हणून पाच सेकंदांत सोडा, नाहीतर तार पोळते आणि सेल संपतो. तार काट्याच्या खाली नेली की काटा उलट बाजूला वळतो. डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडनं १८२० मध्ये पाहिलेली ही सगळ्यात चमत्कारिक गोष्ट मुलांना स्वतः सापडू द्या.

विद्युतचुंबकात एक सापळा आहे. मुलं 'एक सेल, दोन सेल' अशी तुलना करतात आणि दुप्पट टाचण्या उचलल्या जाण्याची वाट बघतात. दोन मीटर २६ गेज तांब्याच्या तारेचा रोध जेमतेम ०.२ ओहम. सेलचा आतला रोध ०.५ धरला तर एका सेलनं सुमारे २.१ अँपिअर, ओळीनं जोडलेल्या दोनांनी २.५. फरक दिसतच नाही, कारण दुसरा सेल स्वतःचा रोधही घेऊन येतो. म्हणून सेल एकच ठेवा आणि वेढे बदला: २५, ५०, १००. तार मात्र तीच, पूर्ण लांबीची. उरलेली बाजूला सैल सोडायची, कापायची नाही. मग रोध बदलत नाही आणि फरक फक्त वेढ्यांचा राहतो. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून नवीन घ्या. जळक्या मोटरच्या तारेचा लेप उडालेला असतो आणि वेढे आपसांत जुळतात. टोकांचा लेप ब्लेडनं खरडल्याशिवाय प्रवाह जात नाही. दहापैकी आठ तक्रारींचं कारण हेच. तीन इंची खिळा सेल काढल्यावरही टाचण्या धरून ठेवत असेल, तर तो लाल होईपर्यंत चुलीत तापवा आणि राखेत हळूहळू निवू द्या, मऊ होतो.

शेतातल्या पंपाच्या स्टार्टरचं 'खट्' सगळ्या मुलांना माहीत असतं. लाईन गेली की आतल्या कॉइलचं चुंबकत्व जातं, स्प्रिंग संपर्क तोडते, म्हणून लाईन आल्यावर पंप आपोआप सुरू होत नाही. हे सांगा, स्टार्टर उघडू देऊ नका. मुख्य विजेशी संबंधित काहीही प्रयोगात आणायचं नाही. कॉइल दाखवायची असेल तर रिवाइंडिंगवाल्याकडची जळकी आणा.

मोबाइल आणि इअरफोनमधले छोटे निओडिमियम चुंबक वर्गात आणलेच तर मोजून द्या, मोजून परत घ्या. मुलानं दोन गिळले तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या घड्यांतून एकमेकांना धरतात आणि आतडं फाटतं. दुखायची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्यायचं. पट्टीचुंबक ठेवताना दोन-दोन जोडीनं, विरुद्ध ध्रुव एका बाजूला, मध्ये लाकडाची चीप आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे. तसे न ठेवले तर जूनमध्ये पेटी उघडताना पुन्हा दोन मेलेले सापडतील.